फोटोमागचा आवाज

घरोघरी भिंतीवर फोटो असतात. आजोबांचा फेट्यातला, आजीचा स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेला, कुणाच्या लग्नातला, कुणाच्या शाळेतला. माणूस गेल्यावर फोटोला हार पडतो आणि चेहरा घरात राहतो. आवाज मात्र राहत नाही. वडील काय म्हणत असत हे मुलांना पुष्कळ वर्षे आठवते. ते कसे म्हणत असत, कोणत्या शब्दावर थांबत असत, हे हळूहळू पुसट होत जाते. प्रत्येकाच्या हाती मोबाईल आल्यावरही ही स्थिती फारशी पालटलेली नाही. मोबाईलमध्ये फोटो हजारांनी साठतात. पण त्यांतील एखाद्या फोटोविषयी घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतः सांगितलेली चार वाक्ये क्वचितच सापडतात.

ही उणीव भरून काढण्याचा एक साधा मार्ग आहे. आपलेच दहा-पंधरा फोटो, त्यांवर आपल्याच आवाजातील निवेदन, आणि सर्व मिळून दोन-तीन मिनिटांची एक गोष्ट. जगभर तिला ‘डिजिटल कथा’ असे नाव पडले आहे. आरोग्यविषयक पाक्षिकात हा विषय घेण्याचे कारण असे की, आपली गोष्ट आपल्या शब्दांत सांगता येणे आणि ती घरच्यांनी शांतपणे ऐकून घेणे यांचा मनाच्या स्वास्थ्याशी निकटचा संबंध आहे. वाशीमसारख्या जिल्ह्यात तर हा संबंध अधिकच जाणवतो. तो कसा, हे पाहण्याआधी अशी गोष्ट म्हणजे नेमके काय, हे एका कल्पित उदाहरणावरून समजून घेऊ.

फोटोला ठाऊक नसलेली गोष्ट

समजा, रिसोड तालुक्यातील एका गावात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आहेत. त्यांच्या पेटीत एक जुना कृष्णधवल फोटो आहे. आजी खुर्चीवर ताठ बसलेल्या, मांडीवर मूल, शेजारी आजोबा उभे. अंगावर जरीकाठाची साडी. घरातील सर्वांनी तो फोटो शेकडो वेळा पाहिला आहे आणि ‘आजी तेव्हा किती लाजत होती’ असे म्हणून हसलेही आहेत. एके दिवशी नात फोन समोर ठेवून विचारते, आणि आजी सांगू लागतात :

“हा फोटो लग्नातला नाई. लग्नात फोटो काढाले कोनी आलंच नव्हतं. पोरगं वर्साचं झालं, तवा वाशिमले जाऊन काढला. अंगावरची साडी माह्या जावेची हाये. फोटो झाला का घडी करून तशीच परत द्याची होती, म्हून मी खुर्चीले टेकून नाई बसली.”

चार-पाच वाक्यांत फोटोचा अर्थ बदलून गेला. इतकी वर्षे ज्याला सारे लाज समजत होते, ती उसन्या साडीची काळजी होती. त्या ताठ बसण्यात एका घराची ओढाताण होती, जावेचा मोठेपणा होता, आणि फोटो तरी चांगला यावा ही एका तरुण मुलीची इच्छाही होती. यांतले काहीही फोटोत दिसत नाही. फोटो जे दाखवू शकत नाही ते आवाज सांगतो, आणि ते फक्त त्या माणसालाच सांगता येते. डिजिटल कथेचे मर्म एवढेच आहे; बाकी सर्व त्याची साधने आहेत.

जुनी परंपरा, नवे साधन

1990 च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत डेना ॲचली या कलावंताने आपले कौटुंबिक फोटो व चित्रफिती पडद्यावर दाखवत स्वतःच्या आयुष्याच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. जो लॅम्बर्ट आणि नीना मुलेन यांनी त्याच्यासह ही पद्धत सामान्य माणसांना शिकवण्यासाठी कार्यशाळा घेतल्या. त्यातून उभी राहिलेली संस्था पुढे ‘सेंटर फॉर डिजिटल स्टोरीटेलिंग’ या नावाने ओळखली गेली. आज तिचे नाव ‘स्टोरीसेंटर’ असे आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीने 2001 ते 2008 या काळात डॅनियल मेडोज यांच्या कल्पनेतून वेल्समधील साध्या माणसांकडून अशा गोष्टी करवून घेतल्या. आरोग्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रयोग 2003 मध्ये इंग्लंडमध्येच सुरू झाला. पिप हार्डी आणि टोनी समनर यांच्या ‘पेशंट व्हॉइसेस’ या उपक्रमात रुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे नातलग, परिचारिका आणि डॉक्टर यांनी आपापले अनुभव काही मिनिटांच्या कथांत मांडले. केसपेपरवर आजाराची नोंद असते. आजारी माणसाला काय वाटले याची नोंद नसते. ती जागा या कथांनी भरून काढली, आणि वैद्यकीय शिक्षणातही त्यांचा उपयोग होऊ लागला.

साधन नवे असले तरी चित्र दाखवत गोष्ट सांगण्याची रीत आपल्याला अपरिचित नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथीची ही कला आजवर जपली. एकेक रंगीत चित्र प्रेक्षकांपुढे धरायचे आणि वाद्यांच्या साथीने त्यातील प्रसंग गाऊन-बोलून उभा करायचा, अशी तिची पद्धत. या कलेसाठी आयुष्य वेचणारे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

चित्रकथी राम-पांडवांच्या कथा सांगतो. स्वतःच्या जगण्याविषयी बोलण्याची मराठी परंपरा मात्र जात्यावर घडली. माहेर, भाऊ, सासर, लेक, दुष्काळ हे सारे बायांनी दळताना ओव्यांत गुंफले. पुण्याच्या हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाने 2017 पासून हा ठेवा क्रमशः सर्वांसाठी खुला केला. तेथे ओवीचा आवाज ऐकू येतो, गाणाऱ्या बाईचे नाव व गाव कळते, अनेकदा तिचा फोटोही दिसतो. एरवी ‘लोकगीत’ या एका शब्दाखाली निनावी राहिली असती अशी बाई तेथे नावानिशी उभी राहते. आपण घरी करावयाची डिजिटल कथा याच कुळातली आहे. चित्रकथीकडून तिने चित्र घेतले आणि ओवीकडून आपले दुःख-सुख आपणच बोलण्याचे धैर्य.

सांगण्याचा आणि स्वास्थ्याचा संबंध

वृद्ध माणसे जुन्या आठवणींत रमू लागली की ‘आता वय झाले’ असे म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. एके काळी वैद्यकातही हा म्हातारपणीच्या ऱ्हासाचाच भाग मानला जात असे. 1963 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी वेगळे मत मांडले. आयुष्याच्या उत्तरार्धात मागे वळून पाहणे, जमा-खर्च मांडणे, राहून गेलेल्या गोष्टींशी समेट करणे ही मनाची स्वाभाविक आणि आवश्यक प्रक्रिया आहे, असे त्यांनी सांगितले. कॅनडातील मानसोपचारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांनी 2005 मध्ये अखेरच्या आजारातील रुग्णांसाठी अशाच विचारावर आधारलेली पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णाशी त्याच्या आयुष्याविषयी संवाद करायचा, तो ध्वनिमुद्रित करून लिहून काढायचा, त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यायचा आणि कुटुंबासाठी ठेवा म्हणून त्याच्या हाती द्यायचा, अशी ती पद्धत. आपण मागे काही ठेवून जात आहोत, ही भावना अनेक रुग्णांना दिलासा देणारी ठरली.

मनात दडवलेला क्लेश शब्दांत मांडल्याने काय होते, याचा एक गाजलेला प्रयोग जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील आघाताविषयी लिहायला सांगण्यात आले. ज्यांनी घटना आणि तिच्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांची पुढील काही महिन्यांतील दवाखान्याची वारी कमी झाली. लिहून झाल्याबरोबर मात्र त्यांचे मन अधिक जड झाले होते, हेही त्याच प्रयोगात दिसून आले. पुढे या विषयावर पुष्कळ अभ्यास झाले आणि लाभ होतो, पण तो माफक असतो, असे त्यांतून दिसले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसोबत जुने फोटो व वस्तू घेऊन आठवणी जागवण्याच्या उपचाराविषयीही असेच म्हणता येते. काहींना त्याचा उपयोग होतो, बोलणे व मनःस्थिती सुधारते. सर्वांना सारखा लाभ होत नाही.

म्हणून डिजिटल कथा हे औषध नव्हे, हे प्रारंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. नैराश्य, अतितणाव किंवा स्मृतिभ्रंश यांवरील उपचारांची जागा ती घेऊ शकत नाही. तिचे बळ निराळे आहे. ती करताना घरातील एक माणूस सांगतो आणि दुसरा सलग, मध्ये न तोडता ऐकतो. तेवढी फुरसत आपण एकमेकांना एरवी किती वेळा देतो?

वाशीमचे बोल

1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हा वयाने लहान, भूमी मात्र फार जुनी. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावला आहे. ज्या गावाला साहित्याचे लग्नघर म्हटले गेले, तेथील माणसे स्वतःची गोष्ट सांगण्याची वेळ आली की ‘आमचं बोलणं अडाणी’ असे म्हणून मागे सरावीत, ही खंत वाटण्याजोगी बाब आहे.

फोन समोर धरला की पुष्कळांची भाषा बदलते. ‘मले’चे ‘मला’ होते, ‘वावर’ जाऊन ‘शेत’ येते आणि बोलणे भाषणासारखे होते. डिजिटल कथेत हे टाळले पाहिजे. आजी ज्या वऱ्हाडीत रागावतात आणि लाड करतात, त्याच वऱ्हाडीत त्यांनी बोलावे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे देशभरातील बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे आणि जिल्ह्यात अनेक तांडे आहेत. तांड्यातील वडीलधाऱ्यांनी आपली गोष्ट गोरमाटीत सांगावी. या बोलीला स्वतःची लिपी नाही. तिचे शब्द, हेल आणि सूर आवाजातच जगतात. अशा भाषेतील तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण म्हणजे शिकायला परगावी गेलेल्या नातवंडांसाठी लाखमोलाची ठेव आहे. आवश्यक तर खाली मराठी अक्षरे देता येतात. कमी ऐकू येणाऱ्या ज्येष्ठांनाही त्यांचा उपयोग होतो.

याहून गंभीर असे आणखी एक कारण आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या 6 जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशीम होता. तेव्हापासून एक विशिष्ट फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. दारात बसलेली बाई, तिच्या हातात पतीची तसबीर, बाजूला मुले. खाली ओळ दुसऱ्याची, शीर्षक दुसऱ्याचे. मदतीसाठी केलेला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जातो आणि मृत्यूपुढे ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा पडतो. बातमी आणि कागदपत्रे आपापल्या जागी आवश्यकच असतात. पण त्या बाईचा नवरा बैलांना कोणत्या नावांनी हाक मारत असे, भजनात तो टाळ कसा धरत असे, लेकीच्या पहिलीच्या दाखल्यासाठी तो किती खेपा चालत गेला, हे ना बातमीत असते ना कागदावर. लेकरांच्या वाट्याला बापाची जी एकच गोष्ट येते, ती त्याच्या शेवटच्या दिवसाची असते. एका दिवसाने चाळीस वर्षे झाकून टाकावीत, हा त्या माणसावर आणि त्याच्या मुलांवर दुहेरी अन्याय आहे.

अशा घरात, योग्य वेळ आल्यावर आणि स्वतःच्या इच्छेने, आईने मुलांसाठी तीन मिनिटांची गोष्ट केली, तर तिने ती कुठून सुरू करावी हे तिचे तिनेच ठरवावे. ती विहिरीपासून सुरू होईल किंवा लग्नातील मानपानापासून. शेवटच्या दिवसाचा तीत उल्लेखही नसेल. काय सांगायचे याइतकाच काय सांगायचे नाही, हाही अधिकार सांगणाऱ्याचा आहे.

करायचे कसे?

पहिले काम विषय निवडण्याचे. ‘माझे जीवन’ हा विषय तीन मिनिटांत मावत नाही. एक प्रसंग, एक वस्तू, एक माणूस किंवा एक दिवस घ्यावा. पहिल्यांदा पाहिलेली रेल्वे, सासूने दिलेला पाटा, बाळंतपणातील एक रात्र, मधुमेह कळला तो दिवस, दारू सोडली ती दिवाळी. एक फोटो समोर ठेवून ‘या फोटोत काय दिसत नाही?’ असे विचारले की गोष्टीचे टोक बहुधा हाती लागते. सांगणाऱ्याने प्रथम दोघा-चौघा जवळच्या माणसांत ती तोंडीच सांगावी. ऐकणाऱ्यांनी सल्ले देऊ नयेत, ‘तसं नव्हतं, असं होतं’ म्हणून तारखा दुरुस्त करू नयेत. कुठे मन गुंतले आणि कुठे कळले नाही, एवढेच सांगावे.

मग संहिता. दोन-तीन मिनिटांसाठी अडीचशे ते तीनशे शब्द पुरतात. ज्यांना लिहिता येते त्यांनी बोलतो तसेच लिहावे; ज्यांना येत नाही त्यांची मोकळी गप्पा मुद्रित करून घरातील कुणी तिच्यातील मोजके भाग निवडावेत आणि निवड सांगणाऱ्याला ऐकवावी. शब्द मात्र त्यांचेच ठेवावेत. ‘फार कष्ट केले’ या वाक्याने ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. ‘पहाटे चारला उठून दोन घागरी आणायची आणि मग चूल पेटवायची’ या वाक्याने उभे राहते. जे फोटोत स्पष्ट दिसते ते शब्दांत पुन्हा सांगण्याचे कारण नसते. शेवटी उपदेशाचा मोह होतो, तोही आवरावा.

आता फोटो. दहा ते पंधरा पुरे. प्रत्येक फोटो सरासरी दहा सेकंद राहिला तरी वेळ भरून निघते. जुने फोटो मोबाईलने टिपताना दिवसाच्या उजेडात, ओसरीत किंवा खिडकीजवळ, थेट ऊन न पडेल असे ठेवावेत. फ्लॅश वापरू नये. मोबाईल फोटोशी समांतर धरावा, म्हणजे चौकट वाकडी येत नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, तो फाटतो; काचेवरूनच किंचित बाजूने, चकाकी टाळून टिपावा. पावसाळ्यात बुरशी आलेला फोटो ओल्या फडक्याने पुसू नये. फोटोच नसतील तरी अडत नाही. हात, चष्मा, विळा, रेशनकार्ड, दवाखान्याची जुनी फाईल, धुऱ्यावरचे झाड, पडके कौलारू घर यांचे आज काढलेले फोटोही गोष्ट पेलतात. ज्या घरांत कॅमेरा कधी आलाच नाही, त्यांची गोष्ट अशा वस्तूंच्या आधारे सांगता येते.

सर्वांत अधिक लक्ष आवाजाकडे द्यावे. चित्र थोडे धूसर असले तरी चालते. आवाज अस्पष्ट असला की गोष्ट संपते. रिकामी, टाइल्सची खोली घुमते. गाद्या, गोधड्या, कपडे असलेली लहान खोली उत्तम. पंखा बंद करावा आणि मोबाईल ‘एअरप्लेन मोड’वर ठेवावा, म्हणजे मध्येच फोन येत नाही. टिनाच्या छपराखाली पावसात मुद्रण करू नये. मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांच्या वेळी श्वासाचा धक्का ऐकू येतो. प्रथम अर्धे मिनिट मुद्रित करून ऐकून पाहावे. बोलणारी व्यक्ती अडखळली, गहिवरली किंवा हसली, तर ते सर्व काढून टाकण्याची घाई नको. श्वास घेण्यासाठी घेतलेला तो थांबाही त्याच व्यक्तीचा असतो.

जोडणीसाठी मोबाईलवर इनशॉट, काइनमास्टर यांसारखी ॲप्स मिळतात; त्यांच्या मोफत आवृत्त्याही या कामास पुरतात. येथे क्रम महत्त्वाचा. आधी संपूर्ण आवाज मांडून घ्यावा आणि मग त्यावर फोटो बसवावेत. फोटो आधी लावले तर शब्दांना त्यांच्यामागे धावावे लागते. साडीचा उल्लेख येतो त्या क्षणी संपूर्ण फोटोऐवजी केवळ साडीचा काठ दाखवता येतो. फोटो फिरवणे, उडवणे, त्यावर फुले वर्षवणे असले प्रकार ॲपमध्ये पुष्कळ असतात. ते सोडून द्यावेत. सिनेगीत लावू नये. एक तर ते दुसऱ्याच्या मालकीचे असते, आणि त्याचे दुःख आपल्या दुःखावर चढते. आवाज एकटा पुरेसा असतो. फार तर प्रारंभी कोंबड्याची बांग, जात्याची घरघर किंवा एसटीचा आवाज यांसारखा घरचाच ध्वनी घ्यावा.

शेवटी जतन. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवल्यास त्याचा दर्जा घटतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ फाईल जशीच्या तशी जाते. एक प्रत मोबाईलमध्ये, एक पेनड्राइव्ह किंवा संगणकावर, एक परगावच्या नातलगाकडे, अशा किमान तीन प्रती ठेवाव्यात. फाईलला सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि वर्ष द्यावे. याच जिल्ह्यातील कारंजा येथील जैन ग्रंथभांडारांत शतकानुशतके जपलेल्या हस्तलिखितांवरून डॉ. हीरालाल जैन यांनी 1930 च्या दशकात अपभ्रंश भाषेतील दुर्मीळ ग्रंथ संपादून प्रसिद्ध केले. ते ग्रंथ इतकी वर्षे टिकले, कारण पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांच्या प्रती पुन्हा पुन्हा उतरवल्या. डिजिटल फाईलचेही तसेच आहे. मोबाईल बदलतात, मेमरी कार्ड बिघडतात. दर काही वर्षांनी नव्या साधनावर प्रत उतरवण्याची जबाबदारी घरातील एकाने नेमून घ्यावी.

जपावयाच्या गोष्टी

संमती एकदाच घेऊन भागत नाही. मुद्रणाआधी विचारावे, गोष्ट तयार झाल्यावर दाखवून विचारावे, आणि कुणाला पाठवण्याआधी पुन्हा विचारावे. तिसऱ्या वेळी ‘नको’ म्हटले तर ती गोष्ट पेटीत राहील, एवढेच. गोष्टीत दुसऱ्या कुणाचा आजार, व्यसन, कर्ज किंवा घरभांडण येत असेल तर त्या व्यक्तीलाही विचारणे आवश्यक आहे. लहान मुलांचे फोटो आणि ओळख सार्वजनिक करू नये. घरासाठी केलेली गोष्ट घरातच राहिली म्हणून तिचे मोल उणे होत नाही; ‘व्हायरल’ होणे हे तिचे ध्येयच नव्हे.

ताज्या दुःखात असे काही करण्याचा आग्रह कुणालाही करू नये. दुःख ओसरायला किती दिवस लागतात याचे ठरलेले कोष्टक नाही. सांगताना व्यक्ती फार अस्वस्थ झाली, थरथरू लागली, बोलणे थांबले, तर मुद्रण बंद करावे, पाणी द्यावे, जवळ बसावे. गोष्ट अपुरी राहिली तरी चालेल. त्यानंतरच्या रात्री-दोन रात्रींत झोप लागते का, जेवण जाते का, याकडे लक्ष ठेवावे. कुणाच्या बोलण्यात जगणे नकोसे झाल्याचा सूर आला तर ते ‘सहज बोलले’ म्हणून सोडून देऊ नये. त्यांना एकटे ठेवू नये आणि विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी. शासनाच्या ‘टेली-मानस’ या सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते. तेथे मराठीतही बोलता येते.

तयार झालेली गोष्ट सर्वांनी एकत्र बसून पाहावी. आपल्याकडे अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरतात. दिवाळीला पुण्या-मुंबईकडे गेलेली मुले घरी येतात. असा एखादा दिवस त्यासाठी योग्य. पाहून झाल्यावर लगेच टाळ्या किंवा शाबासकी नको, क्षणभर शांत राहावे. बहुधा त्या शांततेतूनच दुसरे कुणीतरी बोलू लागते. वर कल्पिलेल्या आजींच्या घरी असती तर ती साडी देणारी जाऊ बोलली असती, आणि तिच्या बाजूने त्या दिवसाची आणखी एक गोष्ट घराला मिळाली असती.

हे सारे आजच करावे असे नाही. या पंधरवड्यात एवढेच करून पाहावे. भिंतीवरचा किंवा पेटीतला एक फोटो उतरवून घरातील सर्वांत वडील माणसाच्या हाती द्यावा, मोबाईल बाजूला चालू ठेवावा, त्यात काय दिसत नाही ते विचारावे, आणि मग आपण गप्प राहावे.